पॉल आट्रायडिस नंतर ‘बिघडला’ नाही

दादरच्या आमच्या वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय. ‘ड्यून’ ही विज्ञानकादंबरी तारणहाराची विजयगाथा होती, पुढच्या भागात लेखकाने घूमजाव करून नायक पॉलला खलनायक केलं, असं त्यात म्हटलंय. हे चूक आहे.

फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ १९६५ची, ‘ड्यून मसीहा’ १९६९ची. पण दुसऱ्या-तिसऱ्या भागातला काही मजकूर पहिली कादंबरी पूर्ण होण्याआधीच लिहिलेला होता, असं हर्बर्टनेच सांगितलंय.

तेही सोडा, पहिलाच भाग नीट वाचा. वाळवंटात एकटा मरत पडलेला ग्रहशास्त्रज्ञ काइन्स आठवतो? भोवती ससाणे जवळ सरकतायत, कानात मेलेल्या बापाचा आवाज घुमतोय. तो आवाज बजावतो, की लोक एखाद्या वीरपुरुषाच्या हाती सापडणं याहून मोठं संकट नाही. (सिनेमावरून मत बनवणाऱ्यांना हा प्रसंग असा भेटणारच नाही.) पुढे वाळवंटी टोळीचा म्होरक्या स्टिलगार, त्याच्या डोळ्यांत पॉलला मित्र दिसेनासा होतो, उरतो नुसता भक्त. आपल्या नावाने होणारा नरसंहार पॉलला आधीपासून दिसत असतो, तरी तो थांबवू शकत नाही.

‘मसीहा’त तो स्वतःच हिशेब मांडतो: ६१ अब्ज बळी. म्हणजे घूमजाव कुठलं, ही तर वसुली!

खलनायक हा शब्दही मला पटत नाही. शनिवारी कट्ट्यावर येताना पुस्तक घेऊन या, मग भांडू.