पिठलं पेरतात तसं

आमच्या घरात वेळेवर होणारी गोष्ट एकच, प्लास्टर ऑफ पॅरिसचं घट्ट होणं. नवरा आंघोळीला, मुलगी अभ्यासाला, सगळे आपापल्या सवडीने. प्लास्टर मात्र पाण्यात पडलं की दहा-पंधरा मिनिटांत दगड. तुम्ही ते साच्यात ओतलंय की अजून पातेल्यातच आहे, याची चौकशी ते करत नाही.

रीलमध्ये हे कळत नाही. तिथे लांब नखांची एक मुलगी सिलिकॉनच्या साच्यात पांढरं काहीतरी ओतते, चुटकी वाजवते आणि कुंडी बाहेर.

तशीच कुंडी आम्ही घरी करायला घेतली आणि ओट्यावर पहिला वाद पाण्यावरून झाला. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात साधारण दुप्पट मापाची पावडर भुरभुरायची, ती भिजू द्यायची. पण सासूबाईंचं आयुष्य कणीक मळण्यात गेलेलं. "अगं, पिठात पाणी घालतात! पाण्यात पीठ कोण घालतं?"

"आई, नाहीतर गुठळ्या होतात."

त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे पिठलं पेरतात तसं म्हण की!" आणि पळी हातात घेऊन त्या पिठल्याच्याच जोमाने घोटायला लागल्या. प्लास्टर जास्त घोटलं की लवकर आळतं. पळी त्यातच उभी राहिली.

"पॅरिसहून आलंय का हे?" मुलीने विचारलं. तिला सांगितलं, ही पावडर जिप्सम नावाचा दगड भाजून करतात, आणि पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत त्याच्या खाणी होत्या, म्हणून ते नाव. आपल्याकडचं जिप्सम बहुतेक राजस्थानातलं. तिचा रस तिथेच संपला. जिप्सम भाजून उडवलेलं पाणी त्याला परत मिळालं की ते गरम होतं, हे सांगायचं राहिलंच. ते सासूबाईंनी हात लावून शोधून काढलं. "याला ताप आलाय गं."

दुसरा घाणा साच्यात गेला. हवेचे बुडबुडे वर यावेत म्हणून साचा टेबलावर आपटायचा असतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा लगेच फोन. "दुपारचं काय कुटताय?"

मजबुतीची काळजी नवऱ्याने वाहिली. पेणच्या गणपती कारखान्यांत प्लास्टरमध्ये काथ्या घालतात, हे त्याला पक्कं ठाऊक. काथ्या त्याला देवघराशेजारी सापडला. सत्यनारायणाच्या कलशासाठी आणलेला नारळ आता बिनशेंडीचा बसलाय. सासूबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. त्याच्याशी म्हणजे नवऱ्याशी. नारळाकडे त्या हळहळून बघतात.

भांडी सिंकमध्ये धुवायची नाहीत, ही ताकीद मात्र सगळ्यांनी पाळली. प्लास्टर पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं, मग पाईपमध्ये कुंडी तयार! बादलीत धुवायचं, साका खाली बसू द्यायचा आणि तो खरवडून कचऱ्यात.

कुंडी साच्यातून सुरेख निघाली. पण निघाली म्हणजे वाळली नव्हे. गालाला लावल्यावर गार लागतेय तोवर आत ओल असते, आणि पावसाळ्यात ती गारच लागते. तिला घरातला एकुलता एक टेबलफॅन दिला, माणसं घामाने निथळत बसली. नंतर आतून-बाहेरून वॉर्निश, कारण रोजच्या पाण्याने प्लास्टर हळूहळू झिजतं.

आता फक्त तळाचं भोक उरलंय. त्यासाठी साच्यात स्ट्रॉ उभी केली होती, ती ओतताना कुठेतरी आडवी झाली. नवरा मित्राकडून ड्रिल मशीन आणायला गेलाय. काकूंची दुपारची झोप साडेतीनपर्यंत असते, हे त्याला सांगितलंय. तो घरी पोचतो अडीचला.