‘ऑफिसची मेल मोबाइलवरच उरका’ म्हणणाऱ्यांना

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आणि लिंक्डइनवर अधूनमधून एक मजकूर फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सूर तोच: कामाच्या मेलसाठी लॅपटॉप बाळगायचे दिवस गेले. आजचा मोबाइल जुन्या कॉम्प्युटरपेक्षा ताकदवान आहे. अटॅचमेंट तिथल्या तिथे उघडते. उत्तर बोलून टाइप करता येतं. बोटाच्या ठशाने कुलूप लागतं म्हणून जास्त सुरक्षित. मेल आली की त्या क्षणी कळतं, कुठूनही उरकता येते, वेळ वाचतो. आणि शेवटी ‘जग बदललं, तुम्ही कधी बदलणार?’ असा एक टोमणा.

मी भोसरीत एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्याची खरेदी बघतो. कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), ड्रॉइंग, डेबिट नोट, पेमेंटचा तगादा, सगळं मेलवर. मोबाइलवरही मेल घेतलेली आहे, ती काढून टाकायचा विचार नाही. पण नव्याने लागणारी पोरं हा मजकूर ब्रह्मवाक्य मानून चालतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू.

ताकदीचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो खरा आहे आणि बिनकामाचाही. मेल बघायला ताकद लागतेच कुठे? विंडोज एक्सपीच्या डबड्यावरसुद्धा आउटलुक एक्सप्रेस सुखाने चालायचं. अडतं ते पडद्यापाशी आणि कीबोर्डपाशी. सॅमसंगने २०१७ साली गॅलेक्सी एस ८ बरोबर डेक्स आणलं, म्हणजे मोबाइल मॉनिटरला जोडून कॉम्प्युटरसारखा वापरायची सोय. मोबाइल विकणाऱ्यालाच कामासाठी मॉनिटर जोडून द्यावासा वाटला, यात काय ते आलं.

आता ‘अटॅचमेंट तिथेच उघडते’. इथे मला जरा थांबायचंय, कारण आमच्या धंद्यात सगळा मामला अटॅचमेंटचाच असतो.

उघडते, हे कबूल. पण उघडून काय करायचं असतं? ग्राहकाची मेल येते: ‘सुधारित ड्रॉइंग सोबत जोडले आहे, कृपया नोंद घ्यावी.’ काय सुधारलं ते बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. ड्रॉइंग ए-१ आकाराचं, म्हणजे ८४१ बाय ५९४ मिलिमीटर. मोबाइलचा पडदा आडवा धरला तरी जेमतेम पंधरा सेंटिमीटर. त्यावर ते पूर्ण बसवलं की एक करडी जाळी दिसते, आणि मोठं केलं की कुठल्या कोपऱ्यात आहोत तेच कळेनासं होतं. उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत रिव्हिजनचं अक्षर असतं, ते ‘बी’चं ‘सी’ झालंय एवढं बोटांनी ताणून वाचता येतं. पण बदल कुठे झालाय हे शोधायला जुनं आणि नवं ड्रॉइंग शेजारी शेजारी लावावंच लागतं. समजा २५ मिलिमीटरच्या बोअरला (भोकाला) आधी एच ७ होतं, आता एच ६ आहे; माप किती इकडेतिकडे झालेलं चालेल ते सांगणारी ही खूण. एका आकड्याचा फरक. एच ७ मध्ये २१ मायक्रॉनची सूट मिळते, एच ६ मध्ये १३ ची. जे काम रीमरने (भोक मापात आणणाऱ्या हत्याराने) भागत होतं ते आता होनिंग किंवा ग्राइंडिंग अशा जास्त बारीक कामाला जाणार, म्हणजे दर वेगळा, मुदत वेगळी. मोबाइलवर हे बघून ‘नोटेड’ असं उत्तर गेलं की जुन्या दरात नवं काम गळ्यात पडतं. अँड्रॉइडवर पडदा दुभागता येतो, ठाऊक आहे. दुभागून बघा एकदा. आयफोनवर तर तेही नाही.

एक्सेलची गत याहून वाईट. तीन सप्लायरांच्या दरांचा तुलना तक्ता घ्या: मूळ दर, पॅकिंग, वाहतूक, जीएसटी, पेमेंटची मुदत. मोबाइलवर एका वेळी तीन-चार रकाने दिसतात, त्यामुळे मूळ दर बघताना वाहतूक दिसत नाही. जो मूळ दरात स्वस्त तो पोहोच किमतीत महाग, हा नेहमीचा खेळ नेमका नजरेआड होतो. शिवाय मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेल्या, आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेली फाइल मोबाइलच्या एक्सेलमध्ये नुसती बघायची, मॅक्रो तिथे चालत नाही.

आणि एक खास आपल्याकडचं दुखणं. जुन्या काळी श्रीलिपीत किंवा सीडॅकच्या आयएसएमवर टाइप केलेल्या मराठी वर्ड फाइली अजून सरकारी कार्यालयांतून, सहकारी संस्थांतून फिरत असतात. त्या युनिकोडमध्ये नसतात. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट आहे तिथे स्वच्छ मराठी दिसतं, मोबाइलवर तेच पत्र डोक्यावर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा चिवडा होतं. वाचणाऱ्याला वाटतं फाइल बिघडली, आणि तो ‘पुन्हा पाठवा’ म्हणून कळवतो. समोरचा तीच फाइल पुन्हा पाठवतो. असे दोन-तीन दिवस सहज जातात. (पीडीएफ करून पाठवली असती तर भागलं असतं, पण तो वेगळा झगडा.)

डिजिटल सहीचंही तसंच. डिजिटल सातबारा असो की ई-आधार, सहीच्या जागी आधी प्रश्नचिन्ह दिसतं. कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये सही तपासून घेतली की तिथे हिरवी खूण येते. मोबाइलमधले बहुतेक पीडीएफ दाखवणारे अ‍ॅप सहीचं चित्र तेवढं दाखवतात, ती खरी की खोटी यात पडत नाहीत. आणि टेंडर भरायचं असेल तर डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं, यूएसबी टोकन लावायला कॉम्प्युटरच लागतो.

‘उत्तर झटपट देता येतं.’ देता येतंच, तीच तर पंचाईत आहे. कामाच्या मेलमध्ये सहसा एकच प्रश्न नसतो. मी पाच विचारतो: माल कधी निघणार, टेस्ट सर्टिफिकेट सोबत येणार का, मागच्या रिजेक्शनच्या बदल्यात किती नग देणार, ई-वे बिल कोण काढणार, दर जुनाच ना. उत्तर येतं: ‘ओके सर.’ कशाला ओके? पाचाला की शेवटच्या एकाला? कॉम्प्युटरवर माणूस माझी मेल खाली ठेवून प्रत्येक ओळीखाली आपलं उत्तर लिहू शकतो. मोबाइलवर मूळ मजकूर तीन टिंबांमागे दडलेला असतो, तो उघडून त्याच्या मधोमध बोटाने कर्सर नेऊन ठेवणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. म्हणून कोणी ते करत नाही. आळशीपणा म्हणा हवं तर, पण यंत्रच त्या बाजूला ढकलतं. पुढे वाद झाला की ही ‘ओके सर’वाली मेलच पुरावा म्हणून दोन्ही बाजूंनी काढली जाते, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

बोलून टाइप करायची सोय मराठीतही आता चांगली आहे, घरच्या मजकुराला मी बिनधास्त वापरतो. पण पार्ट नंबर बोलून बघा. किंवा ‘माल आज निघणार नाही’ मधलं ‘नाही’ मागून ट्रकचा हॉर्न वाजत असताना उमटतं का ते बघा. मोबाइलवर मेल खऱ्या अर्थाने चालवून दाखवली ती ब्लॅकबेरीने, १९९९ पासून, आणि तिचा जीव त्या इवल्या बटणांत होता. काचेवर टाइप करायचे दिवस आले तशी मेलखाली ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’ ही ओळ आली. ती काढता येते, पण कित्येक जण मुद्दाम ठेवतात. चुका पोटात घाला, असं आगाऊ सांगून ठेवलेलं बरं. ग्राहकाला दर कळवताना ही सवलत मागायची का?

त्यात मेल कोणाकोणाला चालली आहे ते नीट दिसत नाही. आठ-दहा जण सीसीत असले की मोबाइल दोन नावं दाखवून बाकीच्यांचं गाठोडं बांधतो. त्या गाठोड्यात ग्राहकाचा माणूस आहे आणि आपण आतला दर लिहितोय, हे पाठवल्यावर कळतं. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घ्यायला ३० सेकंदांपर्यंत मुदत ठेवता येते, पण ती वाढवायची सेटिंग ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये आहे. मेल आपोआप वेगवेगळ्या कप्प्यांत लावणारे फिल्टरही जीमेलच्या अ‍ॅपमधून बनवता येत नाहीत.

‘मोबाइल जास्त सुरक्षित.’ बोटाचा ठसा, ओटीपी, चोरी झाल्यास दुरून पुसायची सोय, हे सगळं मान्य. मोबाइल चोरापासून सुरक्षित आहे. मेलमधून येणारा भामटा मात्र मोबाइल चोरायला येत नाही, तो तुमच्याकडूनच पैसे पाठवून घेतो.

हा प्रकार लघुउद्योगात सगळ्यांनी ऐकलेला असतो. नेहमीच्या सप्लायरच्या नावाने मेल येते: ऑडिटमुळे आमचं बँक खातं बदललं आहे, या वेळचं पेमेंट सोबतच्या खात्यात करावं. खाली जुन्या मेलींची साखळीही असते, कारण भामट्याने कोणाची तरी मेल आधीच फोडलेली असते. फरक असतो तो फक्त पत्त्यात. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन चिकटून बसवलेले, किंवा शेवटी एक अक्षर जास्त. मोबाइलवर मेल उघडली की ठळक दिसतं ते नाव, आणि नाव तर पाठवणारा वाट्टेल ते टाकू शकतो. पूर्ण पत्ता बघायला बारक्या बाणावर बोट ठेवावं लागतं, घाईत ते कोण ठेवतो? कॉम्प्युटरवर बहुतेक ठिकाणी पत्ता नावाशेजारीच असतो, आणि लिंकवर माऊस नुसता नेला तरी ती कुठे जाते ते खाली दिसतं. मोबाइलवर लिंक दाबून धरावी लागते, आणि बोट जरा लवकर उचललं की ती उघडलीच. कामाच्या मेलमधून होणाऱ्या या फसवणुकीत २०२३ या एका वर्षात २.९ अब्ज डॉलर गेल्याची नोंद अमेरिकेच्या एफबीआयकडे आहे, आणि ती फक्त त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींची.

फसल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन तर लगेच करायचाच. पण पुढे तपासात मेलचा पूर्ण हेडर लागतो, म्हणजे ती कुठल्या सर्व्हरवरून आली, ज्या डोमेनचं नाव सांगते तिथूनच निघाली का हे बघणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या चाचण्यांत पास झाली का, याचा तपशील. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ केलं की तो समोर येतो. अ‍ॅपमध्ये तो पर्यायच नाही. म्हणजे जिथे फसलात तिथून पुरावाही काढता येत नाही.

राहिलं ‘लगेच कळतं, कुठूनही उरकता येतं, वेळ वाचतो’. लगेच कळण्याबद्दल: बॅटरी वाचवण्याच्या नादात काही कंपन्यांचे फोन मागे चाललेली अ‍ॅप परस्पर झोपवतात, मग ऑटोस्टार्टची परवानगी शोधून काढेपर्यंत मेल आपण अ‍ॅप उघडू तेव्हाच येते. पण माझी खरी तक्रार उलटीच आहे. नाशिक फाट्याच्या सिग्नलला उभं असताना मेल उघडली जाते, ‘पोचल्यावर बघू’ म्हणून मिटली जाते, आणि ती आता वाचलेल्यांत जमा. ठळक अक्षरं गेली, वरून दहा नव्या आल्या, ती खाली बुडाली. दोन दिवसांनी समोरच्याचा फोन येतो: तुम्ही तर मेल वाचलीत ना? जी मेल लॅपटॉपवर एकदाच उघडून, उत्तर देऊन हातावेगळी झाली असती, ती मोबाइलमुळे दोनदा वाचावी लागते किंवा राहूनच जाते. वेळ वाचला तो कुणाचा?

कुठूनही काम करता येतं म्हणजे कुठेही काम पाठलाग करतं, हे तर आता सरकारांनाही कळलंय. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काचा कायदा लागू आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली त्याच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. रात्री अकराला आलेल्या ‘अर्जंट’ मेलला उत्तर द्यायचं की नाही हे त्यामुळे अजून ज्याच्या त्याच्या हिमतीवर आहे.

ज्यांच्याकडे मोबाइलखेरीज काहीच नाही अशी खूप माणसं कामाला आहेत, जॉबवर्क करणारे आमचे निम्मे लोक त्यातलेच. त्यांना ‘लॅपटॉप घ्या’ सांगणं सोपं आहे. त्यांनी निदान एवढं करावं: क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ चालू करून जीमेल उघडावं. दिसायला किचकट आहे, पण हेडर, फिल्टर, पत्ते सगळं तिथे सापडतं. कामचलाऊ ब्लूटूथ कीबोर्ड फार महाग नाही, तो जोडला की ओळीखाली ओळ उत्तर लिहिता येतं. वाचून ठेवलेली मेल पुन्हा ‘न वाचलेली’ करून ठेवावी. ड्रॉइंग आलं तर प्रिंट काढून घ्यावी. आणि खातं बदलल्याची मेल आली तर त्या मेलमधल्या नंबरवर न लावता जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन लावून विचारावं.