बीळ कोणी शोधायचं?

गेल्या महिन्यात आमच्या तळ्याच्या पाळीवर एक बीळ सापडलं. मस्करॅटचं. आपल्या घुशीचा पाण्यात राहणारा भाऊबंद म्हणा. तो पाण्याखाली बिळाचं तोंड पाडतो आणि तिथून वर, पाळीच्या पोटात, राहायला कोरडी खोली कोरतो. वरून चालणाऱ्याला काही दिसत नाही; पाय खचला तरच कळतं. आम्ही पैसे देऊन बोलावलेल्या इंजिनियरनं तिथे नारिंगी झेंडी खोचली, फोटो काढला आणि तो पुढच्या झाडाकडे वळला. मला मात्र तिवरे आठवलं.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. त्यानंतर जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला आणि अख्खा महाराष्ट्र संतापला, संतापता संतापता हसलाही. ते विनोद मी इथे अटलांटाच्या उत्तरेला बसून पुढे पाठवले आहेत. आता थोडी लाज वाटते, कारण ‘मातीच्या धरणांवर प्राण्यांचे परिणाम’ या विषयावर अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेनं, फेमानं, 2005 मध्ये धरणमालकांसाठी एक जाडजूड पुस्तिकाच काढली आहे. तिच्यात मस्करॅट आहे, बीव्हर आहे, आर्माडिलो आहे आणि खेकड्याचा चुलतभाऊ क्रेफिशही आहे. बिळांनी धरण पोखरलं जातं हे खोटं नाही. फक्त इथे बीळ सापडलं की पहिला प्रश्न मालकाला विचारतात: शेवटची तपासणी कधी केली होती?

मालक म्हणजे आम्ही. घर घेताना जाहिरातीत ‘तळ्याचा देखावा’ होता. त्या तळ्याला धरून ठेवणारी, झाडाझुडपांनी झाकलेली टेकडी हे मातीचं धरण आहे आणि त्याचा शंभरावा की काय हिस्सा माझ्या नावावर आहे, हे सही करताना कोणी बोललं नाही. बोललं असेल तर छापील कागदांच्या दोनशे पानांत कुठेतरी. इथे घरमालकांची असोसिएशन असते; आपली सोसायटीच डोळ्यासमोर आणा, तीच भांडणं, तेच हिशेब. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत 90 हजारांहून अधिक धरणं आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त खासगी मालकीची. कुणाच्या शेतातली, कुणाच्या क्लबची, कुणाच्या कॉलेजची आणि आमच्यासारख्यांची.

मी भंडाऱ्याकडचा, त्यामुळे खासगी तलाव हा प्रकार मला परका वाटायला नको होता. आमच्या भागातले कोहळी लोकांनी बांधलेले तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, मालकीचेच होते. पन्नासच्या दशकाच्या तोंडावर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’चं ‘मामा’ झालं. लहान मामा जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. तेव्हापासून आमच्याकडे एक वाद दर पावसाळ्यात उगवतो. कुठे पाळीला भगदाड पडलं की गावाकडच्या ग्रुपवर एक पक्ष म्हणतो, सरकारच्या हातात गेलं आणि वाटोळं झालं, मालगुजाराच्या काळात पाळीवर गवताची काडी जास्त उगवत नव्हती. दुसरा म्हणतो, मालगुजार वेठीला धरून ती पाळ राखून घेत होता, तेही सांगा. आणि कुणीतरी हमखास मला टॅग करून लिहितो: तुमच्याकडे असं चालत नसेल.

चालतं. इथून दोनेक तासांवर टोकोआ नावाचं गाव आहे. तिथे एका बायबल कॉलेजच्या वर केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं. 1957 पर्यंत त्यावर वीज तयार होत होती, मग ते नुसतंच तळं उरलं. 6 नोव्हेंबर 1977 ला, पावसाच्या रात्री दीडच्या सुमारास ते फुटलं आणि खाली झोपलेली कॉलेजच्या परिसरातली 39 माणसं मेली. धरण खासगी, मालक म्हणजे खुद्द कॉलेज. नंतरच्या चौकशीत 1973 चा एक फोटो निघाला, त्यात खालच्या बाजूचा उतार घसरलेला स्वच्छ दिसत होता. चार वर्षं तो उतार तसाच पडून होता, कारण पाहायला येणारं कोणी नव्हतंच. जॉर्जियात, म्हणजे आमच्या या राज्यात, त्यासाठी कायदा नव्हता. तो 1978 ला झाला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर जॉर्जियाचेच. त्यांनी देशभरातल्या धोकादायक जागी असलेल्या, केंद्र सरकारच्या मालकीच्या नसलेल्या धरणांची तपासणी लावली. सुमारे 8,800 धरणं पाहिली गेली आणि जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित निघाली. खासगी मालक सरकारपेक्षा काळजी घेतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी टोकोआ लक्षात ठेवावं.

जॉर्जियाच्या त्या कायद्यातली एक गोष्ट मात्र आपल्याकडे न्यावी अशी आहे. साधारण 25 फूट उंच किंवा 100 एकर-फूट (शंभर एकरांवर फूटभर उभं राहील एवढं) पाणी धरणारं धरण नोंदीत आलं, की त्याचा वर्ग त्याच्या खाली काय आहे यावर ठरतो. फुटल्यास माणूस मरण्याची शक्यता असेल तर पहिला वर्ग: परवाना, इंजिनियर, ठरलेल्या तपासण्या, उतारावर झाड उगवू द्यायचं नाही. तशी शक्यता नसेल तर दुसरा, त्यात मालकाला फारसा जाच नाही. आमचं दुसऱ्यात होतं. मग ओढ्याच्या खालच्या अंगाला घरं झाली आणि राज्याच्या माणसानं पुन्हा पाहणी करून आम्हाला पहिल्यात टाकलं. धरण तेच, पाणी तेवढंच. मीटिंगमध्ये जो गदारोळ झाला तो ऐकण्यासारखा होता. “ती घरं आम्ही बांधली का? ज्यानं परवानगी दिली त्यानं पैसे भरावेत!” मुद्दा बिनतोड आहे आणि कायद्यात त्याला उत्तर नाही. मला अजूनही वाटतं की खाली बांधकामाला परवानगी देणाऱ्यानं या खर्चात वाटा उचलायला हवा. पण तोवर खालची पोरं त्या ओढ्यात खेळतातच.

आपला 2021 चा धरण सुरक्षा कायदा याच्या उलट बाजूनं सुरू होतो. 15 मीटरहून उंच धरण आधी आत घ्यायचं, 10 ते 15 मीटरमधलं काही अटींवर, धोक्याचा वर्ग मग. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, मालकाचं स्वतःचं सुरक्षा पथक, वर राष्ट्रीय प्राधिकरण. चांगलं आहे, उशिरा का होईना झालं. पण बहुतेक मामा तलावांची, गावतलावांची, पाझर तलावांची पाळ एवढी उंच नसते. त्यांच्या पायथ्याला टेकून मात्र वस्ती असते. शिवाय मोठ्या धरणांतही बहुतांशी मालक राज्य सरकार आणि तपासणारी संघटनाही राज्य सरकारची. नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेत जाणकार माणसं आहेत, त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. तरी एका खात्यानं शेजारच्या टेबलाला पत्र लिहायचं आणि ते पत्र गावाला दिसायचं नाही, ही रचना मला पटत नाही. सरकारी की खासगी, हा आमच्या ग्रुपवरचा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. मालकाचं नाव फलकावर असावं, तपासणारा मालकाच्या पगारावर नसावा आणि त्याचा कागद पायथ्याच्या माणसाला वाचता यावा. एवढं असेल तर मालक कोणी का असेना.

एवढं असूनही धरण फुटू शकतं, हेही इथेच शिकलो. मिशिगनमधलं ईडनव्हिल धरण, 1924 चं, खासगी कंपनीचं. सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी सोडायची वाट, अपुरा आहे, वाढवा, असं संघराज्याचं नियामक मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं. मालकाचं उत्तर ठरलेलं, पैसे नाहीत. शेवटी सप्टेंबर 2018 मध्ये मंडळानं वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला. याहून कडक कारवाई कोणती? पण परवाना जाताच धरण मंडळाच्या अखत्यारीतून निघून राज्याकडे गेलं आणि राज्यानं नव्यानं पानं उलटायला घेतली. 19 मे 2020 ला ते फुटलं, खालचं सॅनफर्ड धरणही गेलं. सुमारे दहा हजार लोकांना वेळेत हलवल्यामुळे एकही जीव गेला नाही. आणि गंमत बघा, पाणी माथ्यावरून गेलंच नव्हतं. ज्या सांडव्यावरून इतकी वर्षं पत्रापत्री चालली, तो सोडून भलतीकडेच, बांधताना सैल टाकलेल्या वाळूनं दगा दिला. कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. पुढे दुरुस्तीचा भार तळ्याकाठच्या घरमालकांवर टाकण्यावरून कोर्टकज्जे झाले. आमच्या मीटिंगमध्ये ईडनव्हिलचं नाव कोणी काढलं की दोन मिनिटं सगळे गप्प बसतात, मग अंदाजपत्रकातली तिसरी ओळ कापायला लागतात.

आमच्या इंजिनियरनं त्या दिवशी मला पाळीच्या पायथ्याशी नेलं. झुडपं आधीच तोडून घेतली होती, कारण न दिसणाऱ्या उताराची तपासणी होत नाही, असं त्याचं म्हणणं. तिथे एक ओलसर जागा होती, पाण्याची बारीक धार लागलेली. मी घाबरलो. त्यानं काचेच्या बरणीत पाणी धरलं, उजेडाकडे करून पाहिलं. निवळ होतं. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच, म्हणाला. गढूळ आलं तर समजा पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय, मग मला फोन करायच्या आधी खालच्या घरांना करा.

त्या रात्री मी गावाकडे चुलतभावाला फोन लावला. आमच्या मामा तलावाच्या पायथ्याशी लहानपणापासून पाणी झिरपतं, त्यात आम्ही पाय धुवायचो. म्हटलं, दादा, सकाळी जाऊन एवढं बघशील का, ते पाणी निवळ येतं की गढूळ?

तो म्हणाला, “अरे, पाळीवर बेशरमाचं झुडूप माजलंय पुरुषभर. खाली उतरायला वाटच नाही राहिली.”