"2666 सांगून 1197 ची रॅम घातली" या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दुकान माझं आहे आणि हे उत्तर मी स्वतः लिहितोय. एक स्टार दिलात, त्याचा राग नाही. पण "फसवणूक" हा शब्द लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं वाचून दुसऱ्या कुणाच्या मनात शंका आली असेल तर त्यांनाही हे वाचता यावं, म्हणून इथेच लिहितो.

तुमची तक्रार थोडक्यात अशी. सीपीयूत 4 जीबीच्या जागी 16 जीबी रॅम घालून घेतली. बिलावर रॅमचा वेग 2666 लिहिलाय, पण दुसऱ्या मेकॅनिकने सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर 1197 निघालं. दोन दिवसांत डिस्प्ले गेला, दुकानात फोन केला तर "मशीन घेऊन या" एवढंच सांगितलं. जुनी रॅम आम्ही ठेवून घेतली. एवढे पैसे घालूनही कॉम्प्युटर सुरू व्हायला पूर्वीइतकीच चार मिनिटं लागतात. आणि तुम्ही हेही प्रामाणिकपणे लिहिलंय की फॉर्म भरताना आता मशीन अडकत नाही.

यातल्या 1197 बद्दल आमची चूक नाही. बाकीच्या बऱ्याच गोष्टींत आहे.

आधी 1197. तुमच्या मशीनमधली रॅम डीडीआर4 आहे. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. झोका पुढे जातो आणि मागे येतो, तसा रॅमच्या घड्याळाचा ठोका वर जातो आणि खाली येतो. ही रॅम वर जातानाही माहिती पाठवते आणि खाली येतानाही, म्हणजे एका ठोक्यात दोनदा. त्या मेकॅनिकने सीपीयू-झेड नावाचं, मशीनच्या आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं असणार. त्यात मेमरीच्या पानावर दिसतो तो आकडा नुसत्या ठोक्यांचा. 1197 ची दुप्पट करा, 2394 येतात, जवळपास 2400. म्हणजेच तुमची रॅम 2400 वर चालतेय.

मग 2666 चं काय, असं तुम्ही विचाराल, आणि ते बरोबरच आहे. तुमचा प्रोसेसर सातव्या जनरेशनचा आय5 आहे आणि मदरबोर्ड एच110. या जोडीची रॅम चालवायची कमाल मर्यादाच 2400 आहे. त्यात 2666 ची घाला नाहीतर 3200 ची घाला, ती 2400 वरच येऊन थांबते. यात रॅमचं नुकसान काही होत नाही. मी 2400 ची का दिली नाही? कारण आमच्या होलसेलरकडे ती आता येतच नाही, येते ती 2666 किंवा 3200.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली स्पीड 2400 दिसेल. त्याच सीपीयू-झेडमध्ये एसपीडी नावाचं पान आहे, त्यात स्लॉट 1 आणि स्लॉट 2 निवडून बघा. रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात कंपनीनेच भरलेली माहिती तिथे दिसते: कंपनी, पार्ट नंबर आणि कमाल वेग. दोन्हीकडे डीडीआर4-2666 दिसेल. पार्ट नंबर बिलाशी ताडून बघा. जुळला नाही तर सगळे पैसे परत, आणि मग हे उत्तर मी इथून काढणार नाही, खाली माफी लिहीन.

पण हे सगळं बिल करताना सांगायला हवं होतं. "रॅम 2666 ची आहे, तुमच्या मशीनवर 2400 ने चालेल" हे एक वाक्य बोललो असतो तर तुमच्या डोक्याला एवढा ताप झाला नसता. मी गृहीत धरलं की गिऱ्हाइकाला यात रस नसतो. दिवसभर पोरांचे फॉर्म भरून देणाऱ्या बाईला आपल्या मशीनमध्ये काय आहे याची फिकीर असणारच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. परवापासून आम्ही बिलावर दोन्ही आकडे लिहितोय.

आता डिस्प्लेचं. तुम्ही लिहिलंय की पंखा फिरत होता, स्क्रीन काळी होती आणि त्या मेकॅनिकने रॅम काढून परत बसवल्यावर मशीन सुरू झालं. यावरून काय झालं असणार ते मला कळलं, आणि ते आमच्याच हातून झालं. तुमच्या बोर्डवर रॅमच्या स्लॉटला एकाच बाजूला क्लिप आहे. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांना तशीच असते. दोन्ही बाजूंना क्लिप असली की दोन वेळा टक् आवाज येतो आणि हाताला समजतं. एकच असली की क्लिपच्या बाजूने टक् होतं आणि आपल्याला वाटतं बसली. दुसरं टोक मात्र केसभर वर राहिलेलं असतं. तेवढ्यातही मशीन चालू होतं, आमच्याकडे चालूही झालं. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला होता, एकही एरर नव्हती. मग सीपीयू स्कूटरच्या पायाशी उभा ठेवून तुम्ही सांगलीहून मिरजेपर्यंत नेलात. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

तुमचा सीपीयू उघडला तेव्हा आत धुळीचा थर होता आणि पंख्यामागे पालीची दोन अंडी. आमच्या मुलाने ब्लोअर मारला, स्लॉट ब्रशने साफ केले, सगळं मन लावून केलं. शेवटी अंगठ्याने दोन्ही टोकं सारखी दाबून, पट्टी स्लॉटला समांतर बसलीय का ते आडवं वाकून बघायचं राहिलं. ते बघणं माझं काम होतं. मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी शेवटची नजर माझी असते, त्यामुळे चूक माझी. मुलाला बोल लावू नका.

फोनवरही आम्ही तुम्हाला नीट सांगितलं नाही. 2025 पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालेत, त्या दिवसांत तुमच्यासारख्यांचं मशीन एक दिवस बंद पडलं तर किती पोरं परत जातात, याची मला कल्पना आहे. अशा वेळी "घेऊन या" म्हणून फोन ठेवणं योग्य नव्हतं. मी तरी निघून यायला हवं होतं, नाहीतर निदान फोनवर सांगायला हवं होतं: भिंतीवरच्या विजेच्या बोर्डावरचं बटण बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, मग झाकण काढून सीपीयूच्या पत्र्याला हात लावा आणि रॅमची दोन्ही टोकं सरळ खाली दाबा. दोन मिनिटांचं काम. त्या मेकॅनिकला दिलेले 150 रुपये मी तुम्हाला देणं लागतो.

जुनी रॅम. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, कारण इथे तुमचा संशय रास्त आहे. गिऱ्हाइकाच्या मशीनमधून काढलेला पार्ट गिऱ्हाइकाचाच, मग तो जळका असो की चालू. तुमची 4 जीबीची पट्टी ड्रॉवरमध्ये होती. तुमचा बिल नंबर लिहिलेली चिठ्ठी तिला चिकटवलेली होती, पण द्यायची राहून गेली. ती चालू आहे, काल लावून बघितली.

त्या पट्टीमुळे आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. तुमच्या बोर्डला दोनच स्लॉट आहेत, त्यातला एक रिकामा होता. जुनी 4 तशीच ठेवून शेजारी एक 8 लावली असती तर 12 जीबी झाली असती, आणि खर्च निम्मा. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की प्रोसेसर दोन्हींवरून एकदम माहिती उचलतो, म्हणून मी 8 आणि 8 घातल्या. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तमच. पण 4 आणि 8 असतानाही बऱ्याच भागाला तो फायदा मिळतो. ब्राउझरच्या वीस टॅब, स्कॅनर आणि फोटो लहान करायचं काम, एवढ्याला 12 जीबी पुरली असती असं मला आज वाटतं. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे भडकलेत ते एआयच्या डेटा सेंटरांमुळे. कारखाने तिकडचा माल आधी काढतात. मायक्रॉन या रॅम बनवणाऱ्या कंपनीने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशल हा आपल्यासारख्यांना मिळणारा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. भाव माझ्या हातात नाहीत. पण अशा भावात गिऱ्हाइकापुढे स्वस्तातला मार्गही ठेवणं माझ्या हातात होतं, ते मी केलं नाही.

राहिली ती चार मिनिटं. रॅम वाढवून मशीन सुरू व्हायचा वेळ फारसा कमी होत नाही. 4 जीबी भरली की विंडोज उरलेलं काम हार्डडिस्कवर ढकलते, म्हणून फॉर्म भरताना तुमचं मशीन अडकायचं. ते आता थांबलं. सुरू होताना मात्र सगळं हार्डडिस्कवरूनच वाचावं लागतं, आणि तुमची डिस्क जुनी, फिरणारी आहे. त्यावर उपाय एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क. मी ती मुद्दाम गळ्यात मारली नाही, कारण तुमचा सातव्या जनरेशनचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाही. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि नोंदणी करून मिळणारे सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच आहेत. पुढेमागे तुम्हाला मशीन बदलावं लागेल. तेव्हा एसएसडी काढून नव्यात लावता येईल, पण ही रॅम डीडीआर5 च्या, म्हणजे पुढच्या पिढीच्या रॅमच्या बोर्डमध्ये बसणार नाही. खाचच वेगळ्या जागी असते. खरं तर याच कारणासाठी मी एसएसडीबद्दल बोलायला हवं होतं आणि रॅम कमी घ्या म्हणायला हवं होतं. मी नेमकं उलटं केलं.

तर आता असं करूया. येत्या गुरुवारी दुपारी, तुमची गर्दी ओसरल्यावर, मी मिरजेला तुमच्याकडे येतो. जुनी पट्टी आणि 150 रुपये घेऊन येतो. एसपीडीचं पान तुमच्यासमोर उघडून दाखवतो. तुम्हाला पटलं तर एक 8 जीबी काढून तिच्या जागी तुमची 4 लावतो, आणि त्या 8 चे पैसे बिलावरच्या भावाने परत करतो. 16 च ठेवायची असेल तरी हरकत नाही, मग 4 ची पट्टी पाकिटात घालून तुमच्या हातात देतो. यातलं काहीही ठरलं तरी मजुरीचे 300 परत, कारण पट्टी नीट बसली नव्हती. जाण्याआधी सीपीयू एकदा उभा-आडवा करून, हलवून परत सुरू करून दाखवतो.

गुरुवार जमत नसेल तर बिलाच्या मागे हाताने लिहिलेला नंबर माझा स्वतःचा आहे, दुकानाचा नाही. त्यावर कधीही फोन करा, मीच उचलेन.