ल्युपसची किडनी, न्यूक्लियर स्कॅन आणि फिरत आलेला मेसेज

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. त्याच्या रुग्णांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. सारांश असा: किडनीला सूज आहे का, हे आता नव्या न्यूक्लियर स्कॅनमध्ये (किरणोत्सारी पदार्थ टोचून काढलेल्या चित्रात) स्पष्ट दिसतं. स्कॅन नॉर्मल आला की काळजी मिटली. बायोप्सीने (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याने) किडनी कायमची खराब होते, म्हणून ती टाळा. स्कॅनचा त्रास काहीच नाही, दर तीन महिन्यांनी करून घ्या. यातलं प्रत्येक वाक्य अर्धवट खरं आहे, म्हणून ते पटकन पटतं. एकेक पाहू.

‘नवं तंत्र.’ नवं नाही. गॅलियम-६७ हा किरणोत्सारी पदार्थ गाठींमध्ये साठतो हे १९६९ साली नोंदवलं गेलं. पुढे संसर्ग आणि दाह शोधायला तो वापरला गेला आणि १९८० च्या दशकात ल्युपसच्या किडनीवरही अजमावून झाला. तरीही बायोप्सीची जागा त्याला घेता आली नाही.

‘सूज स्पष्ट दिसते.’ सगळा घोळ इथे आहे. किडनीचे नेहमी केले जाणारे न्यूक्लियर स्कॅन, म्हणजे डीटीपीए, मॅग-३ आणि डीएमएसए (ही त्यात टोचायच्या पदार्थांची नावं; त्यांना टेक्नेशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेलं असतं), सूज म्हणजे दाह दाखवत नाहीत. डीटीपीए गाळण्याचा वेग सांगतो. मॅग-३ मध्ये किडनी तो पदार्थ रक्तातून किती जोमाने उचलते आणि लघवीत कशी सोडते हे कळतं. डीएमएसए किडनीच्या बाहेरच्या थरातले व्रण दाखवतो. डाव्या-उजव्या किडनीच्या कामाची तुलना करणं आणि मूत्रमार्गातला अडथळा ओळखणं ही या तपासण्यांची खरी ताकद. ल्युपस मात्र सहसा दोन्ही किडन्यांना सारखाच धरतो. पन्नास-पन्नास टक्के असा रिपोर्ट आला तर त्यातून दाहाबद्दल काय कळलं? काहीच नाही.

राहिला गॅलियम. तो दाहाच्या जागी खरोखरच साठतो, पण सुरुवातीला किडनीतून बाहेरही पडत असतो, त्यामुळे साधारण ४८ तासांनी घेतलेल्या चित्रावरच काही म्हणता येतं. शिवाय जंतुसंसर्ग, औषधाच्या रिअ‍ॅक्शनने आलेली सूज, ल्युपस, सगळ्यांत किडनी सारखीच उजळू शकते. पेट स्कॅनची अडचण वेगळी. त्यात टोचला जाणारा किरणोत्सारी पदार्थ, एफडीजी, ही साखरेसारखी असली, तरी किडनी ती साखरेसारखी परत शोषून घेत नाही, लघवीत सोडते. निरोगी माणसाचीही किडनी त्यामुळे झगमगते.

आणि समजा, सूज आहे हे नक्की कळलं, तरी डॉक्टरांचा प्रश्न तेवढाच नसतो. ल्युपस नेफ्रायटिसचे, म्हणजे ल्युपसमुळे किडनीला होणाऱ्या दाहाचे, बायोप्सीवरून सहा वर्ग पाडतात. तिसऱ्या-चौथ्या वर्गात रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांना, म्हणजे ग्लोमेरुलसना, जोरदार दाह असतो. तिथे स्टेरॉइडसोबत मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइडसारखी जड औषधं द्यावी लागतात. पाचव्यात गाळणीचा पडदा जाड होतो आणि लघवीतून भरपूर प्रथिन जातं. सहाव्यात ९० टक्के किंवा त्याहून जास्त गुच्छ सुकून गेलेले असतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी ते परत येत नाहीत, फक्त संसर्गाचा धोका वाढतो. पॅथॉलॉजिस्ट चालू दाहाला २४ पैकी आणि कायमच्या व्रणांना १२ पैकी गुण देतात. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे (रक्त गोठवू पाहणाऱ्या, ल्युपसमध्ये आढळणाऱ्या प्रतिपिंडांमुळे) बारीक वाहिन्यांत गुठळ्या झाल्या असतील, तर उपचाराचा विचार आणखी वेगळा होतो. औषध वाढवायचं, बदलायचं की थांबवायचं, हे यावर ठरतं. न्यूक्लियर स्कॅनचं चित्र टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याला एकेक गुच्छ दिसत नाही.

‘स्कॅन नॉर्मल म्हणजे किडनी सुरक्षित.’ मेसेजमधलं सर्वांत धोकादायक वाक्य हेच. गाळण्याचा वेग चांगला असताना आत तिसऱ्या-चौथ्या वर्गाचा दाह धुमसत असू शकतो. आधी बिघडते ती बहुधा लघवी: प्रथिन, लाल पेशी, त्यांचे साचे (किडनीच्या बारीक नळ्यांत त्या पेशी चिकटून बनलेले नळीच्या आकाराचे कण). दिवसाला अर्धा ग्रॅम किंवा जास्त प्रथिन जायला लागलं की सहसा बायोप्सीचा विचार होतो. इथे साधी लघवीची तपासणी महागड्या चित्रापेक्षा जास्त बोलते. जोडीला ल्युपस किती सक्रिय आहे याचा अंदाज देणाऱ्या सी-३, सी-४ आणि अँटि-डीएसडीएनए या रक्ताच्या तपासण्या असतात.

‘बायोप्सीने किडनी खराब होते.’ एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास ग्लोमेरुलस असतात. सुईत येतात ते साधारण दहा-वीस. तेवढ्याने किडनीचं काम घटत नाही. खरा धोका रक्तस्रावाचा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. लघवी एक-दोन दिवस लालसर होणं नवं नाही; रक्त द्यावं लागेल इतका स्राव ढोबळमानाने शंभरात एखाद्याला होतो. ल्युपसमध्ये प्लेटलेट कमी असणं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं, रक्तदाब चढलेला असणं हे नेहमीचंच, म्हणून आधी हे सगळं तपासतात. कधी कधी बायोप्सी पुढे ढकलावी लागते, क्वचित करताच येत नाही. अशा वेळी लघवी-रक्ताच्या आधारे उपचार सुरू होतात. तिथेही स्कॅनवर सगळा भार टाकत नाहीत.

‘त्रास काहीच नाही.’ टेक्नेशियमच्या स्कॅनपुरतं हे बरंचसं खरं: अर्धायुष्य सहा तास, किरणांची मात्रा थोडी. गॅलियम-६७ चं अर्धायुष्य सव्वातीन दिवसांचं आणि मात्रा कितीतरी जास्त. ल्युपसचे दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया, त्यातही बहुतेक मूल होण्याच्या वयातल्या. गरोदरपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल तर हा प्रश्न आधीच विचारला पाहिजे. दर तीन महिन्यांनी करायची ही गोष्ट नव्हे.

मग न्यूक्लियर तपासणी कधीच नको का? तसं नाही. मूत्रमार्गात अडथळ्याची शंका असेल तर मॅग-३ उपयोगी पडतो. ताप उतरत नाही आणि लपलेला संसर्ग किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) शोधायचा आहे, तिथे पेट स्कॅन कामाला येतो. आणखी एक उपयोग फारसा सांगितला जात नाही: स्टेरॉइडने स्नायू झिजले की क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीचं काम मोजायला वापरला जाणारा पदार्थ) फसवं कमी दिसतं, किडनी आहे त्यापेक्षा चांगली वाटते. डीटीपीए देऊन ठरावीक वेळाने रक्ताचे नमुने घेतले, तर गाळण्याचा खरा वेग कळतो आणि औषधांचे डोस त्यानुसार ठरवता येतात.