राखेची चाचणी का करत नाही?

आज पुन्हा तोच आलेख. रॅटचं हृदय लँगेनडॉर्फवर, म्हणजे काढलेल्या हृदयात महाधमनीतून द्रावण सोडून ते धडधडतं ठेवणाऱ्या मांडणीवर, टांगलेलं, त्यात झाडाचा पाण्यातला अर्क सोडला. ठोके मंदावले, थांबले. साध्या द्रावणाने धुतल्यावर तीन मिनिटांत पूर्ववत. खाली लिहिलंय, 'हृदयावर प्रभावी वनस्पती'. डोकंच फिरलं.

अहो, पोटॅशियम मोजलंत का? क्रेब्ज-हेन्सेलाइटमध्ये, म्हणजे हृदयाला पुरवतात त्या साध्या द्रावणात, ते लिटरला ५.९ मिलीमोल असतं. वाळवलेल्या अर्कात ४ टक्के पोटॅशियम धरा, मात्रा १० मिग्रॅ प्रति मिली. म्हणजे आणखी १० मिलीमोल आत गेलं, एकूण १६. शस्त्रक्रियेत हृदय थांबवायला जे द्रावण देतात, त्यातही साधारण एवढंच असतं! मग थांबणार नाही तर काय? आणि धुतल्याबरोबर परत सुरू होणं ही तर क्षाराचीच खूण.

पोटॅशियम मोजणारा फ्लेम फोटोमीटर सगळ्यांकडे नसतो, मान्य. भट्टी असते ना? अर्क ५०० अंशांवर जाळा, पांढरी राख उरू द्या. थोड्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, सामू ७.४ वर आणा, मूळ अर्काइतकंच आकारमान करा, गाळा आणि त्याच मात्रेत सोडा. राखेनेही हृदय थांबलं तर तो गुण सेंद्रिय घटकाचा नाही. न थांबलं तर पुढे अ‍ॅट्रोपिन (अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम रोखणारं औषध) देऊन बघा, कारण कोलीन आणि अ‍ॅसिटिलकोलीनही वनस्पतींत सापडतं.

यावर कुणी म्हणेल, तुम्हाला परंपरेचंच वावडं आहे. मुळीच नाही. विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली फॉक्सग्लोव्ह या हृदयावर काम करणाऱ्या वनस्पतीवर लिहिलं, तेही वीसेक वनस्पतींच्या घरगुती औषधातून नेमकी कुठली काम करते हे शोधूनच. आणि फॉक्सग्लोव्हमधल्यासारखे हृदयावर काम करणारे घटक, म्हणजे ग्लायकोसाइड, शोधत असाल तर रॅट घेऊच नका, त्याचं हृदय त्यांना फारसं दाद देत नाही. गिनीपिग घ्या.

आलेखाचा पहिला अर्धा तास मात्र मी दोनदा पाहिला. ठोके एकसारखे, दाब स्थिर. नळी महाधमनीत जास्त खोल गेली, झडपेपलीकडे, किंवा हवेचा एक बुडबुडा कोरोनरीत, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत, शिरला तर असं दिसत नाही. द्रावणात वायू सोडण्याआधीच कॅल्शियम घातलं की ते गढूळ होतं, तेही झालेलं नाही. ज्याने केलंय त्याचे हात फार चांगले आहेत. म्हणून तर जीव तुटतो. एका प्राण्याचा जीव गेलाय त्या रेषेमागे.

अर्क उरला असेल तर फेकू नका. ५ ग्रॅम पुरे, उद्या सकाळीच भट्टी लावा.