पाच चिनी अक्षरे आणि एक लाल रेघ

आज संध्याकाळी पालकांच्या बैठकीतून घरी आले, चहा टाकला, तो कपात तसाच गार झाला आणि आता लिहायला बसले आहे. बॅडमिंटन खेळणाऱ्या आमच्या मुलींच्या पुढच्या चीन दौऱ्याच्या खर्चाचा जो कागद मी चार रात्री जागून तयार केला होता, त्यातील "चिनी बोलणारी स्थानिक गाइड आणि चालकासह गाडी" ही ओळ एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी लाल शाईने खोडली आणि शेजारी "चैन" असा एकच शब्द लिहिला. वर हसत म्हणाले, "ताई, आपण खेळायला चाललो आहोत, सहलीला नव्हे. भाषांतराला मोबाइल आहे ना?" दोन-चार जण हसले. मी तेव्हा गप्प बसले, आणि त्याचाच राग आता अधिक येतो आहे.

गेल्या खेपेला चीनच्या सिचुआन प्रांतातील चेंगडू शहरात काय घडले, हे मी त्या बैठकीत सांगायला हवे होते. मुलीला सर्दी झाली होती, डोके जड होते आणि सकाळी तिचा बॅडमिंटनचा सामना होता. रात्री नऊच्या सुमारास आम्ही औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी आमच्या शिंका पाहूनच एक खोके पुढे केले. आत गरम पाण्यात विरघळवून घ्यायच्या औषधाच्या पुड्या होत्या. मी पैसे देण्यासाठी फोन बाहेर काढला, तेवढ्यात आमची गाइड आत आली, तिने खोके उलटे केले आणि रंग उडालेल्या नखाने खालच्या कोपऱ्यातील पाच अक्षरे दाखवली. त्या अक्षरांचा अर्थ होता, खेळाडूंनी जपून वापरावे.

ज्या औषधात उत्तेजक म्हणून बंदी असलेले द्रव्य आहे, त्याच्या वेष्टनावर किंवा आतल्या माहितीपत्रकावर ही सूचना छापणे चीनमध्ये 2004 पासून बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावरील घटकांमध्ये माहुआंग होते. ही तिकडची जुनी औषधी वनस्पती आहे आणि तिच्यात एफेड्रिन असते, जे ठरावीक मर्यादेपलीकडे लघवीच्या नमुन्यात सापडले की स्पर्धेच्या काळात तो गुन्हा ठरतो. सोळा वर्षांच्या मुलीने सर्दीवर घेतलेली पुडी आणि तिच्या नावापुढे लागणारा "डोपिंग" हा शब्द, यांच्यामध्ये त्या रात्री केवळ एका बाईचे नख होते. याला कोणी चैन म्हणत असेल, तर मला त्या माणसाशी वाद घालायचाच नाही.

होय, फोनच्या कॅमेऱ्यानेही ती अक्षरे वाचता आली असती, हे मान्य. पण खोके उलटे करून नेमका तोच कोपरा वाचावा, हे मला कोण सांगणार होते? मी तर पुडी दिवसातून किती वेळा द्यायची, एवढेच हातवारे करून विचारत होते. फोन विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. न सुचलेला प्रश्न तो आपल्याऐवजी विचारत नाही.

त्याआधीच्या पहिल्या वारीत आम्ही याच काटकसरीने, फोनच्या भरवशावर गेलो होतो. सकाळी ॲपवरून टॅक्सी बोलावली. चालकाचा फोन आला, मी तो भाषांतराच्या ॲपसमोर धरला आणि ॲपने सांगितले, "फाटक क्रमांक चार." आम्ही चार नंबरच्या फाटकावर उभे राहिलो, तो बिचारा दहा नंबरला वाट पाहून निघून गेला. पुढे कळले की सिचुआनच्या बोलीत चार आणि दहा हे आकडे जवळजवळ सारखेच ऐकू येतात, फरक असतो तो सुराचा. मुलगी धावतपळत हॉलमध्ये पोहोचली, अंग गरम करायलाही वेळ मिळाला नाही, आणि पहिला गेम तिने 9–21 असा घालवला. हॉटेलपासून हॉलपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. परतीच्या दिवशी आमच्यातील एक कुटुंब भलत्याच विमानतळावर उतरले, कारण 2021 पासून चेंगडूला दोन विमानतळ आहेत: श्वांगलिऊ शहराला लागून आणि तिआनफू मध्यवस्तीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. इंग्रजीत छापलेले तिकीट चालकाला दाखवून काय उपयोग? त्याला ते वाचताच येत नव्हते, आणि त्यात त्याची काही चूकही नव्हती. आपल्याकडच्या रिक्षावाल्यापुढे कोणी चिनी लिपीतला पत्ता धरला, तर तो तरी काय करील?

बैठकीत एकाने असेही सुचवले की पुण्यात मँडरिन शिकलेला एखादा मुलगा सोबत न्यावा. सूचना वाईट नाही, आणि त्या मुलाला काम मिळाले तर मला आनंदच होईल. परंतु पुस्तकातील भाषा येणे निराळे आणि स्टेडियमच्या कोणत्या बाजूला गाडी थांबू देतात हे ठाऊक असणे निराळे. आणि गाडीचे काय? आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चीनमध्ये चालत नाही. म्हणजे चाक हाती धरणारा माणूस तिथलाच हवा, आणि त्याच्याशी बोलणारे कोणीतरी हवेच.

हेही सांगते, म्हणजे कोणी खाली प्रतिक्रियांत येऊन शिकवायला नको: अधिकृत हॉटेलात उतरणाऱ्या संघाला हॉलपर्यंत बस असते आणि मेट्रोत फलक व घोषणा इंग्रजीतही असतात. पण आपल्यासारखे स्वखर्चाने जाणारे पालक त्या हॉटेलात उतरतात का? आणि रात्री नऊला शिंकणारी मुलगी घेऊन औषधाचे दुकान शोधताना ती बस कुठे असते? काही गाइड चहाच्या आणि रेशमाच्या दुकानांत नेऊन कमिशन कमावतात, हेही खरे आहे. म्हणून परवाना पाहून आणि आधी व्हिडिओ कॉलवर बोलून माणूस ठरवावा. कामच खोडून टाकण्याचे ते कारण नव्हे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण आमची ती गाइड डोळ्यांसमोर आली. पहिल्याच दिवशी तिने मुलींना सांगितले होते की मला "आयी" म्हणा. तिकडे मावशीच्या वयाच्या बाईला असेच म्हणतात. माझी लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, आता दोन आया झाल्या." चालकाला मात्र "शिफू" म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचे "उस्ताद", तशी हाक मारली की तो आरशातून हसायचा. जनावरांना चारलेले क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेले द्रव्य मांसातून पोटात जाऊन खेळाडू अडचणीत येतात, असा इशारा "वाडा" या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने चीन आणि मेक्सिकोबद्दल दिलेला आहे; हे मी आयीला एकदाच सांगितले, आणि त्यानंतर मुलींपुढे भात, अंडी आणि भाज्यांखेरीज काही येणार नाही, याची काळजी ती प्रत्येक खानावळीत जातीने घेत असे. एकदा तिने भाजीतील एक दाणा आम्हा मोठ्यांना चाखायला दिला. जीभ बधिर झाली आणि मला एकदम कोकणातले तिरफळ आठवले. तो दाणाही त्याच कुळातील आहे म्हणे. मी फोनवर तिरफळाचे चित्र दाखवले, तर आयी अशी काही हसली की जणू आमच्यात दूरचे नातेच निघाले.

त्या पाच दिवसांचा गाइड, गाडी आणि चालक यांचा खर्च तीन कुटुंबांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दोन चांगल्या रॅकेटच्या किमतीइतका आला. स्वस्त नाही, मी कधी तसे म्हटलेही नाही. पण ज्या कागदावर ही ओळ खोडली, त्याच कागदावर दौऱ्याआधीच्या निरोप समारंभाची शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्हे यांची ओळ जशीच्या तशी आहे. तिला लाल शाईचा ठिपकादेखील लागलेला नाही. मुली स्पर्धेला निघणार, आणि शाली कोणाच्या खांद्यांवर पडणार, हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्या पुड्या आम्ही घेतल्या नाहीत. आयीने हॉटेलात येऊन मीठ घातलेले गरम पाणी करून दिले, आल्याचा काढा उकळला आणि रात्री साडेअकराला घरी गेली. मुलगी दुसऱ्या दिवशी हरलीच, तिची डोपिंग चाचणीही झाली नाही. म्हणजे हिशेब मांडणाऱ्याला या गोष्टीतून काहीच मिळणार नाही. तिने मात्र त्या पाच अक्षरांचा फोटो काढून ठेवला आहे आणि आता ती दौऱ्यावर येणाऱ्या धाकट्या मुलींना तो दाखवते.

कागद मी उद्या सकाळी पुन्हा छापणार आहे. ती ओळ त्यात असेल, आणि शेजारच्या रकान्यात "पालकांच्या खर्चाने" असे लिहिलेले असेल, म्हणजे लाल शाईची गरजच उरणार नाही. दोन मुलींच्या घरून आत्ताच होकार आला आहे. गाडीत अजून चार जागा आहेत, ज्यांना यायचे असेल त्यांनी मला निरोप पाठवावा.